फुलपात्रं

लातुरात, औसा रोडला, तिसऱ्या मजल्यावर
सातशे फुटांचं घर ताब्यात आलं
तेव्हा ते रिकामं होतं.
राधिका म्हणाली, असंच राहू दे.

वहीत तिने आधी सगळे नकार लिहिले:
पीओपी नको, झुंबर नको,
आरशासारखी चकाकणारी फरशी नको,
सोफा नको. यावर दोन दिवस भांडण.
मग आसपासचं तेवढं उरलं.
बाभळीची फळी, अंबाडीच्या वाखाने विणलेली बाज,
आणि चुना.
गफूरमिस्त्रीने बाल्कनीतल्या टाकीत तो एकवीस दिवस मुरवला,
गिलाव्यात गुळाचं पाणी ओतलं, भिजवलेली मेथी वाटून घातली.
अख्ख्या मजल्यावर बाळंतिणीच्या लाडवांचा वास.
सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा हुंगून गेले.

हॉलच्या एका भिंतीला काळा दगड, टाकीचा घडीव.
आपलाच, खाणीतून सरळ आलेला.
लिफ्टमधून चार खेपांत वर चढला.

मथुराआत्या तोवर काहीच बोलली नव्हती.
दगडावर तळवा ठेवून म्हणाली,
"ह्यो भिंतीत लावलालीस?
खाली घाल की. पायाला गार लागंल.
डोस्क्याच्या वर दगड नको गं माय."

आमच्याकडे अशा वेळी कुणी का विचारत नाही.
त्र्याण्णवला केवढ्या होतात, एवढंच विचारतात.
आत्या तिशीची होती.
दीड दिवस माळवदाखाली.
दगड, पांढरी माती, लाकडाचे सर,
सगळं आपलंच होतं तेही,
बांधावरून उचलून आणलेलं.

राधिकाने पेन्सिलीची रेघ खोडली.
दगड जमिनीवर आला.
गफूरमिस्त्री गुडघे टेकत म्हणाला, जड माल खालीच बरा.
भिंतीवर नुसता चुना राहिला,
ज्वारीच्या पिठाच्या रंगाचा.

आत्याचं सामान एक पेटी, एक घोंगडी.
आणि आराखड्यात नसलेली एक गोष्ट:
रोज झोपताना कोनाड्यात ती
तीन फुलपात्री उलटी रचते, एकावर एक,
वर चमचा, अर्धा बाहेर.
हललं काही, तर वाजेल.

पाहुणे म्हणतात, छान मिनिमल आहे हे. कुठून घेतलं?
राधिका चहा पुढे करते.

रात्री उसाचा ट्रक जातो रस्त्यावरून.
चमचा हलत नाही.
बाजेवर कूस बदलल्याचा आवाज येतो,
मग मीही डोळे मिटतो.