सोल्युशन

अण्णांच्या पेटीत दोन्ही होतं:
आरी, मेण लावलेला दोरा,
आणि डब्यातलं पिवळं सोल्युशन,
ज्याच्या वासाने माझी पाचवी-सहावी
अजून डोकं धरून बसते.
डॉकयार्ड रोडच्या जिन्याखाली
गिऱ्हाइकाला घाई असली की सोल्युशन,
आणि पैसे घेताना एक सूचना फुकट:
"बाई, हे घरापर्यंतच. टिकवायचं तर टाकाच."

मी टाकेच शिकले.
परळच्या कॉलेजात, मेलेल्या बकरीच्या कातडीवर.
सर म्हणाले, हात कुठे तयार झाला तुझा?
म्हटलं, घरी.
पुढचं त्यांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

आता दर बुधवारी हिल्डाबाई येतात
म्हातारपाखाडीतून, टॅक्सीत तीन पिंजरे घालून,
टॅक्सीवाल्याशी झालेलं भांडण वेगळं.
कुठलंच मांजर कुणाचं नाही.
दुपारी पोट उघडायचं,
दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर सोडायचं.

टाका म्हणजे एक बोली असते:
दहा दिवसांनी परत ये, दोरा काढू.
मांजरीला कोण सांगणार?
पहिल्या वर्षी मी टाके घातले.
एकीने दातांनी उसवले,
एकीच्या कातडीत दोरा रुतून पू,
बाकीच्या पुन्हा हाती लागल्याच नाहीत.

म्हणून आता कुशीवर इंचभर छेद.
आत विरघळणारा धागा, त्याला पर्याय नाही.
वरची कातडी टिपून कोरडी करायची,
दोन्ही कडा चिमटीत आणायच्या, ओठ मिटतात तशा,
आणि वरून थेंब. जांभळा.
एकही आत जाऊ द्यायचा नाही,
आत गेला तर जखम त्यालाच परका मानते.
मग नुसतं धरून उभं राहायचं.
तीस आकडे.
टाका घालताना हाताला काम असतं,
इथे न हलणं हेच काम.
एकोणिसाव्या आकड्याला सिराज हमखास काहीतरी विचारतो.
कधी माझा अंगठाच चिकटतो केसांना,
आणि निघताना मांजर थोडं मलाही घेऊन जातं.

मागच्या गुरुवारी हजेरीच्या मशीनने
माझा अंगठा नाकारला, वर जांभळा पापुद्रा.
घरी सांगितलं तर अण्णा हसले,
स्वतःचा अंगठा पुढे केला,
रेशनचं मशीन चार महिने ज्याला ओळखत नाही.
मग सगळं नीट विचारून घेतलं.

"आम्ही आधी चिकटवतो, मग शिवतो. तुझं उलटं."
थोड्या वेळाने:
"जितं कातडं आहे, म्हणून चालत असेल.
तुझं सोल्युशन नुसतं धरतं. जोडतं ते जनावरच.
आमचं मेलेलं असतं, आम्हालाच सगळं करावं लागतं."

परत आणतात का दाखवायला?
नाही.
"मग टिकलं हे कळतं कसं?"

मी कानाचं सांगितलं.
डाव्या कानाचं टोक कापलेलं असतं,
भिंतीवर दिसली तर कळतं.
"दिसतात?"
एखादी.
कोळसा बंदराकडे एक तिरळी दिसली होती,
माझ्याकडे बघून फिस्कारली.

अण्णा दोरा मेणावरून ओढत राहिले.
"आमच्याकडंही तेच.
जे गिऱ्हाईक परत येत नाही, त्याची चप्पल टिकली.
नाहीतर…"

पुढचं वाक्य त्यांनी
दोऱ्याबरोबर दातांनी तोडलं.