दिसणं

किसुमूहून बुसियाकडे जाणाऱ्या रस्त्याला,
पेट्रोल पंपाच्या भिंतीशी
अवुओरचं शिलाई मशीन.
रस्त्याचं काम उरकून कंपनी गेली,
मागे टाकलेली चौदा नारिंगी जाकिटं तिने उचलली.
त्यांच्या चंदेरी पट्ट्या उसवून
ती आता बोडावाल्या पोरांच्या पाठीवर शिवते.
मोटरसायकल भाड्याची, पाठ मात्र ज्याची त्याची.

ओगुतू कुरकुरतो.
चामड्याचं काळं जाकीट, हप्त्यावर घेतलेलं,
त्याला सुई लावायची?
"शाळेपुढच्या शिपायासारखा दिसेन मी."
ती दातांनी दोरा तोडते.
"दिसशील ना? मग झालं."

उसाच्या ट्रेलरचा ड्रायव्हर
कोर्टात शपथेवर म्हणाला होता,
मला तो दिसलाच नाही.
खोटं नव्हता बोलत.
त्या संध्याकाळी तिनेच तर
नवऱ्याच्या काळ्या शर्टाला इस्त्री केली होती,
कॉलर सारखी करत म्हणाली होती,
काय रुबाबदार दिसतोस.

रात्री मशीनवर ताडपत्री ओढताना
वळणावर एका ट्रकचा उजेड पडतो
आणि काळोखात नुसती पाठ पेटते.
माणूस नाही, चाकं नाहीत,
दोन पट्ट्या तेवढ्या, हवेत चाललेल्या.
ट्रकचा ब्रेक करकरतो,
तो मागे राहतो, अंतर ठेवून.

अवुओर ताडपत्रीचं टोक हातात धरून बघत राहते.
डावी पट्टी तिरकी गेलीय.
उद्या बोलवायला हवं त्याला,
उसवून पुन्हा घालते.