खरारा

डुलुथला जानेवारीत बोटी बंद होतात.
धक्क्यावरच्या कचेरीत काम निम्म्यावर येतं,
आणि घरातली भट्टी रात्रंदिवस चालून
हवेतला शेवटचा ओलावाही खाऊन टाकते.
धरण उशाला नि कोरड घशाला म्हणतात,
इथे अख्खं सुपीरियर सरोवर उशाला
आणि कोरड नडग्यांना.
झोपेत खाजवते मी. सकाळी चादरीवर कोंडा.
दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी.

जुईने वाढदिवसाला ब्रश पाठवला,
लांब दांड्याचा, घायपाताच्या राठ केसांचा.
घायपात, जो आमच्याकडे बांधावर फुकट उभा असतो,
त्याचे बत्तीस डॉलर.
सोबत घडीचा कागद:
अंघोळीआधी, अंग कोरडं असताना.
तळपायापासून सुरुवात, मग वर.
दिशा कायम हृदयाकडे.

नऊला बाथरूमच्या खिडकीत ऊन येतं, पंधरा मिनिटं.
तेवढ्यात उरकायचं.
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पहिलाच हात ओढला,
खर्र,
आणि थांबले.
हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

मिरजेला, स्टेशनामागच्या पागेत
दादा शेवंतीला खरारा करायचे,
मानेकडून शेपटीकडे, केसांच्या कलानं,
तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटत.
एवढं ते आमच्यापैकी कुणाशीच बोलले नाहीत.
दवाखान्याचे पेशंट ओढून दमलेली घोडी
डोळे अर्धे मिटायची,
मागचा एक पाय ढिला सोडायची.
पटलं बघ तिला, म्हणायचे दादा.

एकदा चुलीपुढून आई हसत म्हणाली,
आमच्याही पाठीवरनं फिरवा की कधी.
दादांनी खरारा उंबऱ्यावर आपटला, धूळ झटकली.
बराच वेळ झटकत राहिले.
थंडीत आईची पाठ सुसरीसारखी व्हायची.
खोबरेल मी लावायचे,
आठवण राहिली तर.

कागद म्हणतो, रक्त खेळतं, कांती उजळते.
महिना झाला. मला तसलं काही दिसलं नाही.
दिसते ती धूळ,
उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी, माझीच,
काही क्षण छान चकाकते
आणि मग फरशीवर बसते. पुसावी लागते.
ती पुसताना मात्र बरं वाटतं, का ते ठाऊक नाही.

दांडा एवढा लांब, तरी पाठीचा मधला
वीतभर तुकडा राहतोच.
विनायक असता तर, असं मी म्हणणार नाही.
होता तेव्हाही कधी सांगितलं नव्हतं त्याला.
आईएवढं हसून विचारणं
मला जमलंच नाही.

शनिवारी शेजारची आयला सौना तापवते.
ब्याऐंशी वर्षांची, बर्चच्या डहाळ्यांनी
स्वतःला झोडपत बसते वाफेत.
बाहेरच्या खोलीत माझा ब्रश तिनं उलटापालटा केला:
हा घोड्याचा आहे का?
हो, म्हटलं.
दे इकडे. वळ.

शेतावर वाढलेली बाई. हात जड, अंदाज पक्का.
मानेपासून खाली घेतला तिनं ब्रश,
कागदाच्या बरोबर उलटा.
मी काही बोलले नाही.
मधल्या वीतभर जागेवर तो आला
तेव्हा कातडी आपोआप थरारली,
माशी बसल्यावर थरारते तशी.
ती फिनिशमध्ये काहीतरी पुटपुटत होती,
मला उद्देशून नसावं,
कुठल्या तरी जुन्या गाईला असावं.
खिडकीबाहेर बर्फ, फळ्यांना राळेचा वास.
जरा वेळानं खाली पाहिलं तर
माझी डावी टाच उचललेली,
पाय ढिला.