नख अडतं का

हुजेफानं आधी बाटली दाखवलीच नाही.
म्हणाला, बाय, नख लावून बघा.
आडवं फिरवा, रेघेवरनं.
अडलं तर पॉलिशचं काम नाही,
घसरलं तर मग बोलू भावाचं.

कुर्ला, सीएसटी रोड, दुपारचे सव्वातीन.
बाहेर टांगलेली सीट कव्हरं,
आरशांची जोडपी, हॉर्नच्या माळा,
आणि फुटपाथवर अर्धी चढवलेली आमची गाडी,
वाइन रंगाची, चौदा वर्षांची,
डाव्या दारावर वीतभर ओरखडा
आणि ओरखड्यात टिळकनगरच्या खांबाचा पिवळा रंग.

खांब नंबर सतरा.
चोपन्नाव्या वर्षी गाडी शिकलेल्या बाईला
तो रोज थोडा पुढे सरकून भेटतो.

नख अडलं.
मी म्हटलं, नाही अडत.
हुजेफानं ऐकून घेतलं
आणि काउंटरवर बाटल्या मांडल्या.

ही रंगीत मेणाची. दुरून कळत नाही.
तीन धुण्यांत निघून जाते.
ही जरा महाग, भरणी करते आतून.
चार महिने धरा, पाऊस सोडून.
आणि हे कंपाउंड. हे लपवत नाही, कापतं.
म्हणजे ओरखडा नाही जात बाय,
आजूबाजूचा रंग खाली येतो त्याच्या लेव्हलला.
एकदा करा, दोनदा करा. मग पत्रा.

मी किमती विचारत राहिले.
कोणापासून लपवायचंय, त्यानं सहज विचारलं.
विकायची असेल तर मेणाची घ्या,
गिऱ्हाईक काय, दहा मिनिटं बघतं.
नवऱ्यापासून असेल तर भरणीची.
नवरे लोक उन्हात नेऊन बघतात.

नवऱ्याला दिसत नाही, मी म्हटलं.
काचबिंदू.

हुजेफानं महागाची बाटली जरा मागे घेतली.
मग तर काहीच नको, म्हणाला, अशीच चालवा,
आणि लगेच धंदा आठवून:
वास मात्र छान आहे हिचा. केळ्याचा.

कसं सांगू त्याला,
मोरेश्वर रविवारी गाडी पुसतो.
बादली मी भरते, फडकं तो पिळतो
आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत
हातानं वाचत जातो,
पूर्वी पेपर वाचायचा तसा, एक ओळ न गाळता,
निधनवार्तांसकट.

भरणीचीच घेतली. चारशे ऐंशी.
शनिवारी रात्री वॉचमन जेवायला गेल्यावर
थिनरच्या बोळ्यानं आधी पिवळं काढलं,
मग मऊ फडक्यानं गोल गोल,
हुजेफानं सांगितलं तसं, गाडी थंड असताना.
मोबाइलच्या उजेडात पाहिलं. गेला होता.
नख लावून पाहिलं नाही.

रविवारी त्याचा हात डाव्या दाराशी आला
आणि थांबला.
केळी कुठे आहेत गं, म्हणाला.
फडकं खांद्यावर टाकलं. परत तिथेच.
मग नख.

सतरा नंबर?

मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.
त्यानं माझं बोट धरलं,
नेलं मागच्या चाकाच्या वर,
जिथे मला कधीच काही दिसलं नव्हतं,
आणि हलकेच फिरवलं.
अडलं.

हा माझा, म्हणाला. सोळा सालचा.
बाजूचा खांब आलाच नाही नजरेत.
समोरचं सगळं लख्ख दिसत होतं,
सिग्नलचे आकडेसुद्धा.
तेव्हा लाल डबी मिळायची, दीडशेला.
निघून जायचं, परत लावायचो.
तू भाजीला गेलीस की.

सोळा साल.
डॉक्टरांकडे आम्ही गेलो एकोणीसला.
मी मनातल्या मनात वजाबाकी केली
आणि बादलीतलं पाणी बदलायला गेले.
पाणी तसं स्वच्छच होतं.