लाकूड, सत्तर दिवस

गेनोवेफाच्या फ्रिजवर मी कागद लावला,
लिंबाच्या फोडीसारख्या चुंबकाखाली,
आणि मोठ्यानं वाचून दाखवला. नियमच आहे तसा.
शेणात काही दिवस, ऊन लागलं तर त्याहून कमी.
रक्त लागलेल्या लाकडावर सत्तर.
थंड जागेतल्या रक्तात दीड वर्ष.
गोठवलेल्या मांसात...
"पुढं?"
वर्षं, मी म्हटलं. किती, ते मोजणारे आधी थकतात.

"मेलेल्यात इतकं जगतं कसं?"
ते धड जिवंत नसतंच, मी म्हटलं,
नुसतं थांबून असतं.
तिनं मान हलवली,
शेजारणीबद्दलचा जुना संशय खरा ठरल्यावर
बायका हलवतात तशी.

अकरा डुकरं आदल्या दिवशी गेली होती.
खड्ड्यावर चुना इतका दाट
की त्या वर्षीचा पहिला बर्फ तिथं पडला
तेव्हा कुणाच्या ध्यानातही आला नाही.

मग सामान. गमबूट, पेंढा, फावड्याचा दांडा.
डोनाट्सनं हातानं कोरलेली ओकची डोण,
ती जळायला दुपार गेली.
माळ्यावर, धुराड्याच्या अंगाला, एक मांडी टांगलेली.
गेल्या नोव्हेंबरात त्यानं मीठ चोळलं होतं तिला,
आणि नाताळाआधीच तो गेला.
"ही रोगाच्या आधीची आहे."
असेल, मी म्हटलं.
तिनं मांडी उतरवली, दोन्ही हातांनी,
नाक टेकवलं,
आणि पिशवीचं तोंड स्वतःच उघडून धरलं.
माझ्या कागदावर वासाचे दिवस
लिहिलेले नाहीत.

तीनदा धुतलं. चाळीस दिवस गोठा रिकामा.
दारातल्या ट्रेमधलं औषध रात्री गोठायचं,
सकाळी ती किटलीतलं पाणी ओतायची,
त्यात पाय बुडवायची, आणि कुणीच नसलेल्या गोठ्यात
एक फेरी मारून यायची.

मग मी दोन पिलं आणली, कुठल्याशा निरोगी जिल्ह्यातली.
सरकारी भाषेत त्यांना पहारेकरी म्हणतात.
ती काही बघत नाहीत. कोपरे हुंगतात, फळ्या चाटतात,
आणि मरतात, किंवा मरत नाहीत.
झाला पहारा.

तिनं त्यांचं नाव ठेवलं नाही.
नावं मात्र ठेवली, रोज, दोघांनाही:
आळशी, अधाशी, कानफाट्या, सरकारी पाहुणे.
फाटक्या कानाच्यानं एका सकाळी तोंड लावलं नाही
तेव्हा पहाटे पाचला तिचा फोन आला,
आणि मी स्वेटर उलटा घालून गाडी काढली.
त्यानं रात्री तिचा हातमोजा खाल्ला होता.

पंचेचाळिसाव्या दिवशी रक्त तपासलं. निर्दोष.
शिक्का मारला, कागद फ्रिजवरून काढला.
चुंबक तिनं ठेवून घेतला, रिकाम्या दारावर, तिथंच.

त्या रविवारी चर्चच्या पायरीशी
ती एकदम थांबली, एक पाय उचललेला,
खाली औषधाचा ट्रे शोधत.
मागं सगळी रांग अडली. थंडी होती,
म्हातारी माणसं होती, तरी कुणी बोललं नाही,
कुणी पुढंही सरकलं नाही.
मी तिसरी होते रांगेत.
खाली पाहिलं,
तर माझाही पाय वरच होता.