डावं-उजवं

रात्री साडेअकराला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
मागांचा आवाज कानातून नाही, पायातून वर येतो,
खुर्चीच्या लोखंडातून, मग दातांत.
माझ्यासमोर काळा पडदा.
चित्र नाही, माउस लागत नाही,
पांढरी अक्षरं फक्त, आणि मधोमध बाण.

डावीकडं कारखाना.
उजवीकडं साखर पेठेत इरय्या बुर्लांचं घर,
जिन्याखालच्या खोलीतला संगणक,
दिवसभर टॉवेलखाली झाकलेला.
मी रोज दोघांची गाठ घालून देते.
इथं बदललं ते तिकडं,
तिकडं बदललं ते इथं.

कमळ-सहा →
वेलबुट्टी ←
किनार-लाल →
एंटर, एंटर, आणखी एक एंटर,
धोटा जावा-यावा तशी ओळ जाते-येते
आणि पुसली जाते.

त्यांच्या भाच्यानं हैदराबादहून फोनवर बसवून दिलं हे.
म्हणाला, तुमच्या नेटवर रंगीत खिडक्या उघडायच्या नाहीत,
हा गडी अक्षरांवर जगतो.
इरय्या हसले होते.
आम्ही पुठ्ठे न्यायचो सायकलीवर, अम्मा,
साडेचारशे, दोरीत ओवलेले;
एक भोक चुकलं की टॉवेलभर मोर आंधळे.

आज एका ओळीत बाण नाही.
मोर-बेचाळीस ?
दोन्हीकडं हात लागलाय.

डावीकडं, दुपारी चार दहा:
धाकट्या शेठनी पिसाऱ्याच्या तीन रांगा काढल्या.
सूत वाचतं. हिशेब बरोबर आहे,
मीच करून दिला होता.
उजवीकडं, पहाटे पाच वाजून सात मिनिटं:
फरक दाखव म्हटलं, तर एक ठिपका.
एकच. डोळ्यातला, एक घर वर सरकवलेला.

सोमवारी त्यांचं मोतीबिंदू काढलं.
पंधरा दिवस पडद्याकडं बघायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय.
घर झोपलेलं असताना
टॉवेल बाजूला करून
एका डोळ्यानं बसले असणार.

खालच्या ओळीत प्रश्न लुकलुकतोय.
डावं ठेवू? उजवं ठेवू?
व्होल्टेज पडतं, पडदा एकदा मिटतो,
परत येतो तोच प्रश्न घेऊन.
मी नवी होते तेव्हा एका मागाला चांगल्या कांड्या दिल्या,
शेजारच्याला उरलेल्या;
ओरडले नव्हते, कांड्या परत मिसळून ठेवल्या
आणि म्हणाले, डावं-उजवं करायचं नाही.

तिसरी एक कळ आहे, तिरकी रेघ.
ती दाबली.
एक वगळलं, बाकी सारखं, असं लिहून
पडदा गप्प झाला.

सकाळी सात. फोन.
ताळा जुळला का, अम्मा?
एक राहिलंय, म्हटलं.
डोळा का?
हो म्हटलं.
मागं सुनेचा आवाज, थेंब घालायची वेळ झाली म्हणून,
आणि ते फोन कानाला तसाच धरून,
काही न बोलता.