पेवात सोडलेला कंदील

हळदीच्या अडतीवर एकतीस वर्षं
मी इंग्रजी पत्रं टाइप केली.
माझं इंग्रजी म्हणजे
माल पोचला, ओल किती, पैसे कधी.
त्यामुळे ती बाई जेव्हा गाते
की जायचं तर जा, माझी हरकत नाही,
तेव्हा मला आधी वाटतं
ही उधारीबद्दल बोलतेय.
मग दुसऱ्या ओळीला कळतं,
हो, उधारीबद्दलच.

तबकड्या तीन. दिल्या एस्तर लोंढे सिस्टरनी,
मिरजेच्या मिशन दवाखान्यातल्या.
कुणी अमेरिकन डॉक्टरीण मायदेशी परतताना
इस्त्री, छत्री आणि ही बाई
त्यांच्याकडे ठेवून गेली होती.
माझ्या पोटाला तेव्हा बावीस टाके,
आणि रात्री नर्सांच्या क्वार्टरमधून
खिडकीवाटे आवाज यायचा,
झोप न आलेल्या माणसाशी
कुणी हळू बोलत बसावं तसा.
हसू नका, टाके उसवतील, असं डॉक्टर म्हणाले होते.
रडण्याबद्दल काही म्हणाले नव्हते.

मागे ड्रमवर कुणी तांदूळ पाखडत असतं.
पियानो चार पावलं पुढे जातो,
ती अजून उंबऱ्यात, चपलेचा अंगठा शोधत.
आता चुकली, असं वाटून
माझा हात मांडीवर अडतो,
आणि ती येते. धावत नाही.
जणू ठोकाच जरा लवकर आला होता.

सतारमेकर युनूसभाईंना एकदा ऐकवली.
डोळे मिटून म्हणाले, हिच्या गळ्याची जवारी
कोणी काढली हो?
आणि थोड्या वेळाने, मजुरी किती घेतली असेल?

एकच गाणं दोन तबकड्यांवर आहे.
पहिलीत ती तिशीची असावी;
वरचा सूर कैरीसारखा काढते, देठासकट.
दुसरीत हात पोचत नाही.
ती उडीही मारत नाही.
झाडाखाली उभी राहून
कैरी कुठे होती तेवढं सांगते.
मला ती दुसरी लागते,
विशेषतः रविवारी, जेवणानंतर.

एकोणीसच्या ऑगस्टात आयर्विनखाली पाणी
सत्तावन्न फुटांवर गेलं.
गावभागातल्या आमच्या माडीवर
सिलिंडर चढला, सातबारे चढले,
इंदुमतीने लोणच्याची बरणी चढवली.
तबकड्या खाली राहिल्या.
विसरलो मीच, दुसरं कुणी नाही.
नवव्या दिवशी गाळातून काढल्या:
कव्हरांचा लगदा, लेबलं कोरी.
जिला ही बाई कायम रडकी वाटत आली
त्या इंदुमतीनेच रिठ्याच्या पाण्यात धुतल्या,
ताटाळ्यात उभ्या करून
दोन दिवस पंख्याखाली वाळवल्या.

हरिपुरात हळदीचं पेव उघडलं
की लगेच कुणी आत उतरत नाही.
आधी दोरीने कंदील सोडतात.
ज्योत टिकली, तर माणूस.
मी सुई तशीच सोडली.
खरखर.
खरखर, कृष्णेची रेती,
आणि तिच्याही खालून
कोंदट, उबदार, पिवळी
ती.

दुसऱ्या गाण्यात आता थोडी डुगडुगते,
एक पाय आखूड असलेल्या पाटासारखी.
दोनदा ऐकल्यावर सवय झाली,
आता तीच चाल खरी वाटते.

नाव मला ठाऊक आहे.
कोऱ्या लेबलावर लिहावं म्हणून
पेनही काढलं होतं.
राहू दे की, इंदुमती म्हणाली,
नाव भांड्यांवर घालतात.
आणि आत जाता जाता,
जरा मोठा कर आवाज,
कुकर लावलाय.